इंग्रजी वाक्प्रचार आणि अपॉस्ट्रॉफी : सल्ला हवा आहे

शब्दवेल
इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं लिहिताही येतं. पण दोन ठिकाणी हमखास अडखळते. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने मेसेजमध्ये विचारलं, 'आर यू पुलिंग माय लेग?' मी हादरलेच! मी कशाला त्याचे पाय ओढेन? लगेच चार ओळींचा खुलासा पाठवला. नंतर कळलं, 'थट्टा करतेस का?' एवढंच त्याला विचारायचं होतं. दुसरं दुखणं 'इट्स'चं. आय-टी-एस कधी लिहायचं आणि मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा, हे दर वेळी अंदाजाने ठरवते. काही पक्कं लक्षात राहील असं सांगाल का?

जुनीवही
ताई, आधी अपॉस्ट्रॉफी, कारण तो लवकर सुटतो. आपण 'रामचा' म्हणतो, पण 'मीचा' म्हणत नाही, 'माझा' म्हणतो. सर्वनामाचं मालकीचं रूप आधीच तयार असतं. इंग्रजीतही हिज, हर्स, अवर्स, देअर्स ही तशीच तयार रूपं, आणि मालकीचं 'इट्स' त्यांच्याच रांगेतलं. म्हणून त्यात अपॉस्ट्रॉफी नाही. अपॉस्ट्रॉफी दिसला की ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' असतं. वाक्य पूर्ण रूपात मोठ्याने वाचून बघा, अर्थ लागला तरच चिन्ह द्या. 'हूज'च्या दोन स्पेलिंगांनाही हीच कसोटी लावा.

तुमचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे. १७व्या-१८व्या शतकात चांगले शिकलेले इंग्रजही मालकीच्या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी घालत. नियम नंतर पक्का झाला.

नामांसाठी: मालक कोण, तो शब्द आधी पूर्ण लिहा, मग चिन्ह. एकाच मुलाची खोली असेल तर 'बॉय' लिहून अपॉस्ट्रॉफी आणि एस. अनेक मुलांची असेल तर 'बॉईज' पूर्ण लिहून शेवटी नुसता अपॉस्ट्रॉफी. 'चिल्ड्रन'च्या शेवटी एस नसतो, म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही. आणि साध्या अनेकवचनाला चिन्ह कधीच लावू नका, ही चूक पाट्यांवरही दिसते.

अर्थशोध
वाक्प्रचारांबद्दल मी सांगतो. वर्षानुवर्षं शिकवतोय, त्यामुळे याची मला खरंच कळकळ आहे. अगदी अनोळखी वाक्प्रचार फारसा फसवत नाही, कारण तो आपण शोधून बघतो. फसवतो तो ओळखीचा वाटणारा. तुमचं 'पाय ओढणं' तसंच. 'कीप अॅन आय ऑन' म्हणजे लक्ष ठेवणं, आपलं 'डोळा ठेवणं' नव्हे, त्यात हाव आली. उलट आगीत तेल ओतणं, नाक खुपसणं, डोळेझाक करणं यांना इंग्रजीत जवळजवळ तशाच जोड्या आहेत. वहीत दोन पानं करा: जुळणारे आणि दगा देणारे. दुसरं पान जास्त वेळा वाचा.

काही ठिकाणी इंग्रज आणि अमेरिकनांचंही एकमत नाही. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. अशा वेळी सरळ विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

शोधायला लर्नर्स डिक्शनरी वापरा. ऑक्सफर्डची अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी इंटरनेटवर फुकट बघता येते. 'लेग' शोधलंत की नोंदीच्या शेवटी त्या शब्दाचे वाक्प्रचार वेगळे दिलेले असतात. अनौपचारिक किंवा जुनाट असेल तर तशी खूणही असते. ती खूण जरूर बघा, नाहीतर पावसासाठी 'कॅट्स अँड डॉग्ज' लिहाल, जे आता बोलण्यात क्वचितच येतं.

शब्दवेल
'माझा'ची युक्ती लगेच पटली, मनापासून आभार! एकच राहिलं: 'आय'नंतर अपॉस्ट्रॉफी आणि डी असेल तर ते 'हॅड' की 'वुड'?

जुनीवही
पुढचं क्रियापद बघा. 'गो'सारखं मूळ रूप असेल तर 'वुड', 'गॉन'सारखं तिसरं रूप असेल तर 'हॅड'. अपवाद 'बेटर'चा, तिथे नेहमी 'हॅड'च.