मदत हवी आहे : दह्याच्या स्लाइडवर थरथरणारे ठिपके जिवाणूच आहेत, हे कसे ठरवावे?

नमस्कार. मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात मी एक गोष्ट ठामपणे सांगितली आणि ती चुकीची असावी असे आता वाटू लागले आहे. सोमवारी वर्गासमोर ती दुरुस्त करायची आहे, त्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आमच्याकडे एकच सूक्ष्मदर्शक आहे आणि त्यातून जास्तीत जास्त ४०० पट मोठे दिसते. तेल लावून वापरायचे १०० पटींचे भिंग नाही. सुरुवात आदिजीवांपासून, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीवांपासून केली. तळ्याच्या पाण्यात वाळलेले गवत टाकून ते पाच दिवस झाकून ठेवले होते, त्यात पॅरामेशियम भरपूर मिळाले. ते इतके वेगाने पळतात की मुलांना नीट पाहता येईना, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले. त्या तंतूंमध्ये अडकलेल्या एका पॅरामेशियमच्या शरीरातील संकोची रिक्तिका हळूहळू फुगते आणि एकदम मिटते, हे एका मुलीला दिसले. पेशीत शिरणारे जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याचे हे काम ती तास संपेपर्यंत मोजत बसली होती.

त्यानंतर थोडे दही पाण्यात कालवून त्याची स्लाइड केली. शेकडो बारीक ठिपके जागच्या जागी थरथरताना दिसले आणि मी म्हणाले, "हे दह्यातले जिवाणू, जिवंत आहेत म्हणून हलताहेत." त्यावर एका मुलाने विचारले, "बाई, पॅरामेशियम इकडून तिकडे जात होतं, मग हे कुठेच का जात नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचे १८२७ मधले निरीक्षण आठवले. परागकणांतून बाहेर पडलेले कण पाण्यात थरथरताना त्यांनी पाहिले, आणि ही हालचाल जिवंतपणाची खूण असेल का, हे तपासण्यासाठी काच आणि दगड यांचा चुरा पाण्यात टाकून पाहिला, तर तोही तसाच थरथरत होता. जी खात्री त्यांनी करून घेतली ती मी करून घेतली नाही, ही माझी चूक आहे.

मला विचारायचे ते असे. ४०० पटीत दह्यातील जिवाणू खरोखर ओळखता येतात का, आणि येत असतील तर स्निग्ध कणांपासून ते वेगळे कसे करावेत? आपणहून पोहणारे जिवाणू शाळेत सुरक्षितपणे दाखवण्याचा काही मार्ग आहे का? शिवाय मुले आता "विषाणूही दाखवा" म्हणत आहेत. ते दिसणार नाहीत हे मला माहीत आहे, पण नुसते "फार लहान असतात" एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नाही, आणि ते होऊही नये.

प्रतिसाद :

बाई, मी बरीच वर्षे रोगनिदान प्रयोगशाळेत स्लाइड तपासण्याचे काम करतो. आपली शंका रास्त आहे. दह्यातील नेहमीच्या जिवाणूंना कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे नसतात, त्यामुळे ते पोहत नाहीत. आपल्याला दिसलेल्या ठिपक्यांत जिवाणू असतीलही, परंतु दुधातील स्निग्ध कण आणि प्रथिनांचे कण त्यांच्यात मिसळलेले असणार, आणि पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी हे सारेच थरथरतात. मुलांना पटवायचे असेल तर उकळून गार केलेल्या दुधाचा थेंब भरपूर पाण्यात मिसळून तोही त्याच भिंगाखाली ठेवा. ठिपके तिथेही थरथरतील.

जिवाणू ओळखायचे तर रंगवावे लागतील. दह्याच्या निवळीचा अगदी पातळ थर काचेवर पसरून वाळू द्या, काच ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा, गार झाल्यावर त्यावर स्पिरिट ओतून निथळू द्या म्हणजे बरीचशी स्निग्धता निघून जाईल, आणि मग मिथिलीन ब्लू एक-दोन मिनिटे ठेवून धुऊन टाका. स्पिरिटची बाटली ज्योतीपासून लांब ठेवा. मिथिलीन ब्लू शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातही मिळते. ४०० पटीत काडीच्या आकाराचे जिवाणू आणि गोल जिवाणूंच्या साखळ्या लहान दिसतील, पण ओळखता येतील. थर जाड झाला तर सगळा निळा चिखल दिसतो. पहिल्या खेपेला बहुतेकांचे तसेच होते.

पोहणाऱ्या जिवाणूंसाठी वाळलेले गवत पाण्यात उकळा आणि ते पाणी झाकून दोन-तीन दिवस ठेवा. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांचे टणक, सुप्त रूप) तग धरतात आणि पाण्यावर साय धरल्यासारखा थर येतो. प्रकाश कमी करून पाहिले की एखादी काडी शेजारच्या कणांना मागे टाकून आपल्या वाटेने जाताना दिसते. सगळेच कण एका दिशेला सरकत असतील तर तो नुसता पाण्याचा ओघ समजावा. गटाराचे पाणी किंवा हाताचा मळ घेऊन जिवाणू वाढवण्याचे प्रयोग मात्र शाळेत करू नयेत. काय वाढले आहे ते तिथे कळत नाही.

विषाणूंसाठी मुलांना भेंडीच्या शेतात न्या. केवडा पडलेल्या झाडाच्या पानांवरच्या पिवळ्या शिरा ही विषाणूची करणी आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. मग रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांची हकिकत सांगा. १८९२ मध्ये त्यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरीही त्या गाळलेल्या रसाने निरोगी झाडांना रोग जडला. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही आणि बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात. हाच तंबाखूचा विषाणू १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला.

धागाकर्तीचे उत्तर :

मनापासून आभार. सोमवारी दुधाची स्लाइड आधी दाखवली आणि माझी चूक वर्गाला सांगितली. प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच रंगवायला बसवले. पहिली काच जाड झाली, दुसरी जमली. गोलांच्या साखळ्या स्पष्ट दिसल्या, काड्या मात्र शोधाव्या लागल्या. विरजण सकाळीच लागलेले, गोडसर होते. हेच दही आणखी दोन दिवस आंबू दिले तर काड्यांचे प्रमाण वाढलेले दिसेल का?