प्रतिसाद : पुलासाठी एवढी विमाने का?

वर कुणीतरी विचारलंय, दुसऱ्या महायुद्धात एक पूल पाडायला ३६ ए-२० हॅवॉक (अमेरिकेची हलकी बाँबफेकी विमानं) कशाला? ही विमानं वापरणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ४१६व्या लाइट बाँबर ग्रुपचीच पद्धत बघा. साधारण सहा-सहा विमानांच्या तीन तुकड्या मिळून १८ विमानांचा एक बॉक्स, असे दोन बॉक्स. बाँबार्डियर (नेम धरून बाँब सोडणारा) फक्त पुढच्या विमानात, म्हणजे काचेच्या नाकाच्या ए-२०जे मध्ये. बाकीची बंद नाकाची ए-२०जी. त्यांनी म्होरक्याचे बाँब सुटताना पाहिले की आपले सोडायचे.

खरी अडचण इथंच आहे. १२,००० फुटांवरून बाँब खाली यायला जवळपास २८ सेकंद लागतात. विमानाचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे पाव सेकंद उशीर झाला की बाँब २५ मीटर पुढे पडतो, आणि रेल्वेपूल जेमतेम ८-१० मीटर रुंद! आडवे गेलात तर ही चूक नडते, पुलाच्या रेषेत गेलात तर डावी-उजवीकडची. म्हणून थोडा तिरका कोन घेतात. त्यातही शेवटच्या टप्प्यात सरळ, एकाच उंचीवर उडावं लागतं, आणि विमानविरोधी तोफांना तेच हवं असतं.

फ्यूजही (बाँब कधी फुटायचा ते ठरवणारा भाग) महत्त्वाचा. तात्काळ फुटणारा बाँब फक्त रूळ उखडतो. किंचित विलंबाचा असेल तर खांबाला इजा होते.

याच ग्रुपला ६ ते ९ ऑगस्ट १९४४ च्या हल्ल्यांसाठी युनिट सायटेशन (अख्ख्या तुकडीला दिला जाणारा सन्मान) मिळालं. फ्रान्समधल्या फालेजमधून माघार घेणाऱ्या जर्मनांची वाट तोडणं, हे त्यामागचं काम होतं.