अपघाताच्या नोंदीत रस्त्याचं नाव का नसतं?

फूटपट्टी:
अपघात झाला की कारण ठरलेलं: भरधाव वेग, चालकाचं दुर्लक्ष. एकाच वळणावर वर्षानुवर्षं वेगवेगळे चालक तेच दुर्लक्ष करत असतील, तर चौकशी वळणाची नको का? लांबलचक सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी अचानक घट्ट वळण, यासारखी वाईट जोडी नाही. सरळ पट्ट्यात वेग किती चढला ते कळतही नाही. तेच वळण घाटात, दहा वळणांच्या रांगेत असतं तर एवढं घातक ठरलं नसतं, कारण तिथे पाय आधीच ब्रेकवर असतो. रुंद मार्गिका आणि समोर मोकळं दिसणारा रस्ता म्हणतो 'दामट', पाटी म्हणते ४०. माणूस रस्त्याचं ऐकतो. म्हणून दंडाच्या आधी रस्त्याचा आकार बदला, असं माझं मत.

स्टिअरिंगबहाद्दर:
म्हणजे आता आरोपी डांबर! त्याच वळणावरून बाकीचे सुखरूप जातातच की. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला डावीकडून चालणारी वाहतूक एका दिवसात उजवीकडे नेली. रस्ते जवळपास तेच, चालक तेच. तरी अपघात घटले, कारण प्रत्येकजण जीव मुठीत धरून चालवत होता. लक्ष असलं की झालं.

फूटपट्टी:
पुढचं का गाळलंत? काही काळातच आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. धसका ओसरतो हो. त्याच स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो' धोरण मंजूर केलं: माणूस चुकणारच, पण चुकीची किंमत जीव नसावी. मग तिथल्या रुंद दोनपदरी रस्त्यांवर तीन मार्गिका आखल्या, मधली आळीपाळीने एकेका दिशेला ओव्हरटेकसाठी दिली आणि दोन्ही दिशांच्या मध्ये पोलादी दोरांचा अडथळा ताणला. समोरासमोरच्या धडकेतले मृत्यू तिथे प्रचंड घटले. चालकांना कुणी नव्याने शिकवलं नव्हतं.

संख्याशंका:
धागाकर्त्याशी बराचसा सहमत, पण एक खोट दाखवतो. 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, निवडतात ती सगळ्यात वाईट वर्षं बघून. तसं वर्ष योगायोगानेही येतं, आणि पुढच्या वर्षी काही न करताही आकडा उतरतो. मग तिथे लावलेल्या रंगीत पट्ट्यांना फुकटचं श्रेय मिळतं. तुलनेसाठी तसाच, पण हात न लावलेला रस्ता घेतला नसेल तर 'आधी आणि नंतर'च्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही.

फूटपट्टी:
रास्त. पट्ट्यांची वकिली मी करतही नाही. पण गोल चौक बघा: चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्या एकमेकींशी भिडू शकतील अशा ३२ जागा असतात, एकपदरी गोल चौकात ८. आणि उरलेली धडकही काटकोनात, दाराच्या बाजूने बसत नाही. तिरकी आणि कमी वेगाची असते. ही भूमिती आहे, योगायोग नव्हे.

स्टिअरिंगबहाद्दर:
आणि तुमचा सुरक्षित रस्ता मिळाला की लोक आणखी जोरात हाकतात, त्याचं काय? रस्ता रुंद करून, वळणं काढून 'सुधारला' की नंतर वेग वाढलेलाच दिसतो.

दुभाजक:
हा मुद्दा तुमच्याच विरोधात गेला की! रस्ता बदलला आणि वागणं बदललं, हेच तर वरून चाललंय. माझी तक्रार वेगळी. वस्तीतून जाणारा रस्ता आणि वस्तीबाहेरचा, दोघांना एकच औषध देऊ नका. बाहेर, जिथे वेग असणारच, तिथे कडेचं जाड झाड किंवा खांब जीव घेतो; तिथे मोकळी पट्टी नाहीतर कठडा हवा. वस्तीत मात्र झाडं, अरुंद मार्गिका, उचललेलं क्रॉसिंग यांनी वेग उतरतो. आणि तो उतरायलाच हवा. प्रतिक्रियेला एक सेकंद धरा: कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या गाडीने तेवढ्या अंतरात ब्रेकसुद्धा लावलेला नसतो.

स्टिअरिंगबहाद्दर:
वेगाचं गणित मान्य. पण दारू पिऊन बसणाऱ्याला कुठलीच भूमिती सुधारत नाही. त्याला पकडावंच लागतं.

दुभाजक:
पकडा ना, नको कोण म्हणतंय? पण तो पकडला जाईपर्यंत समोरून मी येत असतो, म्हणून मला मध्ये अडथळा हवा. फक्त त्याचं टोक उतार करून जमिनीत गाडलेलं नको. गाडी त्यावर चढून उलटते.