पेरूच्या मुळावरच्या फुटव्यांची रोपं होतात का?

काटोल_अंगण: राम राम मंडळी. अंगणात पेरूचं जुनं झाड आहे. खोडापासून ३-४ फुटांवर जमिनीतून गुडघ्याएवढे फुटवे आलेत. शेजारच्या संत्र्याच्या बुडालाही कोंब आहेत. दोन्हीची रोपं करता येतील का? केव्हा काढायचे, मूळ किती ठेवायचं? जमीन काळी, भारी.

वऱ्हाडी_माळी: भाऊ, पेरू कलमी, म्हणजे दुसऱ्या रोपावर जोडलेला, आहे का ते आधी बघा. गुटीचा (फांदीलाच मुळं फोडून केलेला) किंवा बियाचा असेल तर फुटवा त्याच झाडाचा, फळही तेच. कलमी असेल तर फुटवा खुंटाचा, म्हणजे जोडाखालच्या मुळाकडच्या रोपाचा, फळाचा भरवसा नाही.

आता खुरप्यानं माती हळू उकरा. फुटवा आडव्या मुळातून निघालेला दिसला पाहिजे. मृगाचा पाऊस बसून जमीन ओली झाली की झाडाकडच्या बाजूचं मूळ फुटव्यापासून वीतभर सोडून सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) कापा, पण फुटवा उपटू नका. बुडाशी शेणखत-मातीची चार बोटं भर द्या. महिना-दीड महिन्यात बारीक पांढरी मुळं सुटली की पलीकडचं मूळही वीतभर ठेवून कापा आणि मातीच्या गोळ्यासकट उचला. लगेच शेंडा अर्धा छाटा, पानं ४-६ च ठेवा. इथंच बहुतेकांचं बिघडतं. हिरवी पानं तोडायला हात धजावत नाही, आणि तेवढ्या पानांना पाणी पुरवायला मुळं नसतात. दोन दिवसांत रोप मान टाकतं.

संत्रावाला: संत्र्याच्या कोंबांचा नाद सोडा. आपल्याकडची कलमं जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (सालीसकट काढलेला अंकुर) बांधून केलेली असतात. जोडाच्या खालून फुटतं ते खुंटाचंच. पान चुरगळून वास घ्या, लिंबाचा येईल. राहू दिलं तर खुंट वर चढतो आणि संत्रा दबतो. कोवळे असतानाच बुडातून काढा, जखमेला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी नको.

काटोल_अंगण: मग त्या कोंबालाच मुळासकट काढून संत्र्याचा डोळा बांधला तर?

संत्रावाला: बांधता येईल, पण फायद्याचं नाही. जुन्या झाडात ट्रिस्टेझासारखा विषाणू असला तर कोंबातून नव्या रोपात येतो. बियाच्या खुंटात तो धोका जवळपास नाही, म्हणून रोपवाटिकेत खुंट बियापासूनच करतात.

वऱ्हाडी_माळी: बरोबर. पेरूलाही तेच लागू, मर लागलेल्या (रोगानं उभं वाळत चाललेल्या) झाडाचा फुटवा घेऊ नका. मुळावर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळात शिरणारे बारीक जंत), ते रोप फेकून द्या. पिशवीत नुसती काळी माती भरू नका, पाणी धरते आणि बूड सडतं. माती, रेती, शेणखत सारखं घ्या, पिशवीला खाली ८-१० भोकं पाडा. तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. नवी पालवी फुटल्याशिवाय उन्हात काढायचं नाही, ऑक्टोबर हीटमध्ये तर मुळीच नाही. बेल आणि कढीपत्त्याचे फुटवे याच रीतीनं निघतात, कढीपत्ता तर पेरूपेक्षा लवकर धरतो.