मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसिडर मार्क २, ताशी ७० ला थरथर

गाडी १९७२ ची, मूळचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. ताशी ६५ पर्यंत ठीक, ७०-७२ ला सीटखालून थरथर, ८० ला कमी. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं नवी, चारही चाकं बॅलन्स केलेली. मोबाइलच्या कंपनमापक अ‍ॅपवर १३ हर्ट्झला (सेकंदाला १३ कंपनं) टोक दिसतं. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या धुऱ्याकडे जाणारा दांडा) उतरवण्याआधी काय तपासू?

धुराधारी: आधी त्या १३ वर विश्वास ठेवू नका. अ‍ॅप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० हर्ट्झच्या वरचं काहीही खोट्या जागी उमटतं. ८७ चं टोक १३ ला दिसतं. नोंदी २०० किंवा जास्त करा, फोन सीटवर न ठेवता फ्लोअरला घट्ट चिकटवा.

आता हिशोब. ५.९०-१५ टायरचा एक फेरा साधारण २ मीटर. ७० ला चाक सेकंदाला सुमारे ९.६ फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४.५५ धरलं तर शाफ्ट ४४ फेरे. तुमचं प्रमाण मोजून घ्या: पुढच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक स्टँडवर. ते चाक २ फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा, तेच प्रमाण.

१० जवळ टोक आलं तर चाक-टायर. ४४ ला आलं तर शाफ्टचा तोल (किंवा क्लच, फ्लायव्हील). ८८ ला मात्र फसगत होते: टॉप गिअर थेट असल्याने इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, आणि क्रॉसची (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) थरथर व चार सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके, दोन्ही फेऱ्याला दोनदा, तिथे एकत्र येतात. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ८० ला न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, ६० पर्यंत गाडी आपोआप मंद होऊ द्या. ७० ला थरथर आली तर दोष इंजिनाचा नाही.

पाटेवाला: त्याला जोडून. उभ्या गाडीत रेस करून टोक ८८ वर आणा, म्हणजे इंजिन साधारण २६०० आरपीएम. तिथेच थरथरली तर क्लच दाबून पाहा. फरक पडला तर क्लच प्लेट-प्रेशर प्लेट बघा.

धागाकर्ता: नोंदी वाढवल्या. टोक ८७ ला, न्यूट्रलमध्येही राहतं. उभ्या गाडीत काही नाही.

धुराधारी: मग शाफ्टचा तोल नाही, क्रॉस किंवा कोन. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच पातळीत आहेत का ते पाहा. सरकत्या स्प्लाइनमध्ये (दातेरी जोडात) शाफ्ट एक दात चुकवून बसवला की नेमकी हीच थरथर येते. उतरवताना खूण न केल्याने हे सर्रास होतं. मग क्रॉस: योक हातात धरून मागेपुढे पिळा, टकटक जाणवली तर क्रॉस बदला, ग्रीसने खेळ भरून निघत नाही.

पाटेवाला: आणि नवं माउंटिंग जाडीला वेगळं असेल तर गिअरबॉक्सची शेपूट वरखाली होते. गाडी चारही चाकांवर उभी असताना गिअरबॉक्स फ्लँज आणि पिनियन फ्लँज (शाफ्ट पुढे गिअरबॉक्सला आणि मागे डिफरन्शियलला जोडणाऱ्या चकत्या) यांचे कोन मोजा. फरक १ अंशाच्या आत हवा. जास्त असेल तर माउंटिंगखाली २-३ मिमीचे शिम (पातळ पत्रे) घालून पुन्हा तीच ८० ते ६० ची चाचणी घ्या. मागच्या पाट्याखालच्या (लीफ स्प्रिंग) पिनियनचा कोन बदलणाऱ्या पाचरीला हात सगळ्यात शेवटी लावा.