मदत हवी आहे: डिले दिला आणि डग्गा गायब

मंडळी, गाडीच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकरचे वूफर, त्यांचे ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) ए-पिलरवर, म्हणजे समोरच्या काचेलगतच्या खांबांवर, डिकीत १० इंची सबवूफर (फक्त खर्जासाठी) आणि डीएसपीवाला, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा अँप असा सेटअप आहे. ड्रायव्हर सीटवर बसलं की गायक उजव्या दारात, माझ्या गुडघ्यापाशी बसून गातो! बॅलन्स डावीकडे सरकवला की शेजारी बसलेली बायको वैतागते, आणि तिचं चूक नाही.

टेपने मोजलं. माझ्या डोक्यापासून उजवा वूफर ९० सेंमी, डावा १३५. ४५ सेंमीचा फरक म्हणजे आवाजाला साधारण १.३ मिलिसेकंद. तेवढा डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणं) उजव्याला दिल्यावर गायक डॅशबोर्डच्या मधोमध आला, पण डग्ग्याचा घुमाराच गेला. उजव्या वूफरच्या वायरी उलट केल्या की घुमारा परत येतो, मात्र गायक पुन्हा पसरट होतो. दारातला हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि सबचा लो-पास (वरचे सूर अडवणारा) दोन्ही ८० हर्ट्झवर, दर सप्तकाला २४ डीबी उताराचे.

हे क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे दार आणि सब जिथे एकमेकांना मिळतात तिथे, फेज (दोन्हींच्या लहरींचा ताळमेळ) बिघडल्याचं लक्षण, की सबलाही वेगळा डिले हवा? ट्वीटरचा डिले वेगळा मोजायचा का? ते सध्या डबल टेपवरच आहेत; तोंडं समोरासमोर ठेवू की छतावरच्या दिव्याकडे? इक्वलायझरला अजून हात लावलेला नाही. दुकानदाराचं उत्तर एकच: मोठा अँप घ्या.