सल्ला हवा: वणव्यानंतर गावाची ये-जा सांभाळायला पोरांना काय शिकवावं? (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

रानवाट:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमचं गाव जांबोटीच्या पलीकडे, रानाच्या कडेला. नाव मुद्दाम देत नाही. यंदा मार्चात डोंगर पेटला. माणसं वाचली, गोठे वाचले, काजूच्या बागा गेल्या. पण खरा घोळ नंतर झाला. रस्त्याकडेची जळकी झाडं कधीही पडतील म्हणून वस्तीची गाडी, म्हणजे रात्री मुक्कामाला येणारी सरकारी बस, अलीकडच्या फाट्यापर्यंतच यायला लागली, ती अजून तिथूनच वळते. पुढे वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी गाडी. वडाप नसलं की मोटरसायकलवर तिघं.

युवक मंडळाची पोरं म्हणतात, आम्ही हातात घेतो. एक ओळखीचे गृहस्थ सायकली आणि बॅटरीच्या गाड्यांसाठी देणगी मिळवून देतो म्हणालेत. मला वाटतं आधी शिकवणं, गाड्या मग. पण शिकवायचं काय आणि कोणी?

सायकलवेडा_टिळकवाडी:
देणगी सोडू नका! बॅटरीची सायकल चढाला त्रास देत नाही. दहा पोरांना दुरुस्ती शिकवली की गावातच रोजगार.

डेपोसमोर:
सायकलवेडे, तुम्ही एकदा जुलैत कणकुंबीला या की. चिखल, जळवा, आणि वीज गेली की दोन दिवस पत्ता नाही. चार्जिंग कुठं करणार? फाट्यापर्यंत कोरड्या दिवसांत सायकल चालेल, नाही म्हणत नाही. पण सत्तरीच्या आजीला तिच्यावर बसवणार काय?

रानवाट, माझी सगळी नोकरी गाडीवर गेली, म्हणून हक्कानं सांगतो. पोरांना पहिलं शिकवा मोजायला. पंधरा दिवस फाट्यावर वही घेऊन बसवा. कोण उतरलं, कुठं चाललं, शाळा की दवाखाना की बाजार, किती वाजता, किती जण गाडी चुकली म्हणून परतले. डेपोत ‘आमच्यावर अन्याय’ असं लिहिलेले अर्ज ढिगानं येतात आणि ढिगातच राहतात. ‘सकाळच्या फेरीला इतके विद्यार्थी, इतक्या महिला’ असा तक्ता आला की साहेबाला वर दाखवायला काहीतरी मिळतं. आणि अर्ज कन्नडमध्ये लिहा. सीमाप्रश्नावरचं मत घरी ठेवा, गाडी आणायची आहे.

दुसरं, रस्ता वाचायला शिकवा. आपल्याकडचा वणवा बहुतेक पाचोळ्यातून, गवतातून पळतो. उभी झाडं वरून हिरवी दिसतात. पण बुंधा पोकळ असला तर आग आत धुमसत राहते आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्याला झाड आडवं होतं. शिवाय उताराची माती उघडी पडलेली असते, ती राखेसकट वाहून येते आणि रस्त्याखालची मोरी तुंबते. मग पाणी रस्त्यावरून. पोरांनी प्रत्येक मोरीचा आणि धोक्याच्या झाडाचा फोटो काढावा, ठिकाण लिहावं, एक प्रत पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी), एक वनखात्याला. झाड स्वतः तोडू नका, गुन्हा अंगावर येईल. चालकाला भीती कशाची आहे ते दूर झालं तर गाडी आत येईल.

कॉलेजकन्या_खानापूर:
डेपोसमोर काका, पूर्ण पटलं. एक भर घालते. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. म्हणजे गाडी फाट्यावर थांबली की फुकटचा प्रवास तिथंच संपतो आणि पुढं वडापला पैसे. हा भार बायकांवर आणि पोरींवर पडतो, पुरुषांना मोटरसायकल असते. तुमच्या ‘पोरां’मध्ये पोरी आहेत का? रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलींना गाडीची वेळ, कंडक्टर, कुठं किती उशीर होतो, सगळं तोंडपाठ असतं. वही त्यांच्याकडे द्या. आणि मीटिंग रात्री देवळात ठेवू नका, आम्हाला घरून सोडत नाहीत.

परदेशी_बेळगावकर:
मी कॅलिफोर्नियात असतो. इथल्या पॅराडाइज गावाला 8 नोव्हेंबर 2018 ला आग लागली, 85 माणसं गेली, त्यात म्हातारी जास्त. डोंगरावरून उतरायचा मुख्य रस्ता स्कायवे, तो गाड्यांनी भरला. शेवटी सगळ्या पट्ट्या खाली उतरणाऱ्यांसाठी मोकळ्या केल्या. नंतर हजारो माणसं शेजारच्या चिको शहरात जाऊन राहिली आणि तिथं रहदारी एकदम वाढली. आपल्याकडे मोटारींची ती गर्दी नाही, पण एक गोष्ट तीच: ज्याला स्वतःहून निघता येत नाही त्याची यादी आधीच हवी. कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतीण, कोणाच्या दारात जीप आहे आणि ती चालवणारा घरी कधी असतो.

गुंजीकर:
शिकवणाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. जिल्हाधिकारी कचेरीतल्या आपत्ती विभागात ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवक योजनेची चौकशी करा. 18 ते 40 वयोगट, 12 दिवसांचं प्रशिक्षण, प्रथमोपचार आणि माणसं हलवणं त्यात येतं. कॉलेजातल्या पोरांचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांचं शिबिर तुमच्या गावात मागून घ्या. मोऱ्यांची पाहणी त्यात बसेल. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की उपग्रहाला आग दिसताच मोबाईलवर संदेश येतो. त्यातलं एक ठिकाण म्हणजे 375 मीटरचा चौकोन, तेव्हा संदेश आला म्हणून थेट पळत सुटू नका, आधी वनरक्षकाला फोन. आग विझवायला पोरं पाठवूच नका. 2018 च्या मार्चात तमिळनाडूतल्या कुरंगणीत ट्रेकिंगला गेलेली तरुण मुलंमुली वणव्यात सापडून गेली.

वेळेचं बघा. फेब्रुवारी ते एप्रिल वणवा आणि त्याच दिवसांत परीक्षा. शिकलेली पोरं नेमकी तेव्हा पुस्तकात असणार. म्हणून दिवाळीनंतर शिकवा, आणि गटात शाळा संपलेली, गावातच राहणारी दोन-तीन तरी घ्या.

आमच्यासारखं रेल्वे स्टेशन जवळ असतं तर म्हटलं असतं लोंढा-खानापूर गाडी धरा. तुम्हाला ती सोय नाही.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. देणगीवाल्यांना सांगतो, सायकली चारच द्या, फाट्यावर छप्पर घाला आणि उरलेल्यात वडापवाल्याशी महिन्याचा करार करून देता येतो का बघा. वडापवाला तयार होईल का ही शंका आहे. ठरलेल्या वेळेला निघायचं म्हटलं की तो म्हणतो, गाडी भरल्याशिवाय परवडत नाही.

डेपोसमोर:
त्याच्यासमोर ती वही ठेवा. सकाळी सातला आठ माणसं रोज नक्की आहेत असं दिसलं तर तोच वेळ पाळेल. आणि त्याच्या गाडीचा विमा, परवाना आधी तपासा, मग करार. तक्ता कसा आखायचा ते कॉलेजकन्येला विचारा, मी फक्त रकाने सांगीन.

कॉलेजकन्या_खानापूर:
आखून इथंच टाकते, रविवारपर्यंत.